संदर्भसूचीचा भूगोल

पीएच.डी.च्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण सहसा कोणी आवडीनं वाचत नाही. त्याचं नाव ठरलेलं असतं, ‘संबंधित साहित्याचा आढावा’, आणि चालही ठरलेली असते: अमुक यांनी १९७६ मध्ये असं म्हटलं, तमुक यांनी १९८० मध्ये तसं. लिहिणारा उरकून टाकतो, गाईड चाळून पुढे जातात, आणि तोंडी परीक्षेत त्यावर फारसं कोणी विचारत नाही. पण एखाद्या शास्त्राचा पाया कुठवर खोदलेला आहे हे पाहायचं असेल, तर याच पानांकडे जावं लागतं. आपण कोणाच्या खांद्याचा आधार घेतला, हे संशोधक इथे नावागावासकट लिहून देतो.

नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारी माणसं जुळे सोलापुरात बरीच भेटतात. कोणी कॉलेजात शिकवतं, कोणी बँकेत असतं, कोणी एमआयडीसीतल्या कारखान्याचे हिशेब पाहतं. समजा, त्यांच्यातल्या एकीनं वाणिज्य शाखेत विषय घेतला: सोलापूरच्या उद्योगांचा परदेश व्यवहार. विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुणे रस्त्यावर केगावला. २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरतं स्थापन झालेलं हे विद्यापीठ. त्याआधी सोलापूरकरांना पदवीसाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे पाहावं लागे. आपली ही संशोधक संगणकावर ‘इंटरनॅशनल मॅनेजमेंट’ एवढे दोन शब्द टाकते आणि हजारो लेख समोर येतात. सगळे वाचायचे तर नोकरी सोडावी लागेल. मग आधी काय वाचायचं?

या अडचणीवर एक युक्ती आहे, आणि तिचा उगम वकिलांच्या धंद्यात आहे. अमेरिकेत १८७३ पासून फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाच्या सूच्या निघत. एखाद्या जुन्या निवाड्याचा आधार पुढे कोणकोणत्या निवाड्यांत घेतला गेला, तो अजून टिकून आहे की मोडीत निघाला, हे त्यांत सापडे. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचवलं की विज्ञानातल्या लेखांचीही अशीच उलटी सूची करता येईल. एखादा लेख कोणाचा आधार घेतो हे त्याच्याच शेवटी छापलेलं असतं. पण पुढे कोणी त्याचा आधार घेतला, हे कळायला सूचीच हवी. १९६०च्या दशकात ती ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या नावानं निघू लागली. त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी इंग्लंडमधल्या ग्रंथपालांच्या परिषदेत ग्रंथालयाचा कारभार आकड्यांनी मोजण्याची कल्पना मांडली होती आणि तिला ‘लायब्रमेट्री’ असं नावही दिलं होतं. ते नाव मागे पडलं. १९६९ मध्ये ॲलन प्रिचर्ड यांनी सुचवलेला ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हा शब्द मात्र रुजला.

नकाशा काढायची खरी किल्ली १९७३ मध्ये सापडली. अमेरिकेत हेन्री स्मॉल आणि सोव्हिएत रशियात इरिना मार्शाकोवा या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, एकच गोष्ट मांडली. दोन जुने लेख तिसऱ्याच एखाद्या लेखाच्या संदर्भसूचीत एकत्र आले की त्यांच्यात एक धागा धरायचा. शंभर लेखांत ते एकत्र आले तर शंभर धागे. याला सहसंदर्भ म्हणू. लग्नपत्रिकेत कोणाची नावं कोणाच्या शेजारी छापली आहेत यावरून परक्या माणसालाही त्या घराण्याची मांडणी बरीचशी कळते, हेही तसंच. लेखांच्या आत काय आहे हे न वाचता, कोण कोणाबरोबर आठवलं जातं एवढ्यावरून शास्त्रातली घराणी वेगळी काढता येतात. १९८१ मध्ये हॉवर्ड व्हाइट आणि बेल्व्हर ग्रिफिथ यांनी लेखांऐवजी लेखकांच्याच जोड्या मोजल्या. आता लायडन विद्यापीठातल्या व्हॅन एक आणि वॉल्टमन यांनी तयार केलेलं ‘व्हॉसव्ह्यूअर’ फुकट मिळतं आणि काही मिनिटांत रंगीत ठिपक्यांचा नकाशा काढून देतं. हल्ली प्रबंधांत असे नकाशे दिसतात ते त्याच्याच कृपेनं.

एक गोष्ट मात्र हे सॉफ्टवेअर आपण होऊन सांगत नाही. ठिपका नकाशावर यायला किमान किती संदर्भ हवेत, हा उंबरठा माणूसच ठरवतो. तो वीसवर ठेवला तर एक नकाशा, पन्नासवर ठेवला तर दुसरा. शिवाय परवा छापलेल्या लेखाला अजून कोणी उद्धृत केलेलं नसतं, त्यामुळे असा नकाशा नेहमी थोडा मागच्या काळातला असतो.

आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाचे असे नकाशे अनेकांनी काढले आहेत. स्पेनमधल्या सेव्हिल विद्यापीठातले आसेदो आणि कासियास यांनी २००५ मध्ये लेखकांच्या जोड्या मोजून एक काढला, तो या वाटेवरचा ठळक टप्पा. या विषयाच्या पायात जी नावं आहेत त्यांची घराणी ढोबळपणे तीन: कंपनी परदेशात जातेच का हे अर्थशास्त्रानं विचारणारं, ती टप्प्याटप्प्यानं कशी जाते हे पाहणारं, आणि गेल्यावर माणसांच्या संस्कृतीचं काय होतं हे मोजणारं.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष रोनाल्ड कोस. त्यांनी १९३७ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: बाजारात सगळं विकत मिळत असताना कंपनी नावाची गोष्ट मुळात असतेच कशाला? त्यांचं उत्तर असं की प्रत्येक व्यवहारासाठी माणूस शोधणं, भाव ठरवणं, करार करणं यालाही खर्च पडतो. तो वाचवायला माणसं एका छपराखाली येतात. हा लेख ते आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी लिहीत नव्हते. पण १९७६ मध्ये पीटर बकली आणि मार्क कॅसन यांनी तोच तर्क सीमेपलीकडे नेला. परदेशातल्या कोणाला आपलं तंत्र भाड्यानं देण्यापेक्षा तिथे स्वतःची शाखा काढणं कंपनीला कधी परवडतं, हे त्यांनी मांडलं. त्याच सुमारास जॉन डनिंग यांनी सगळे धागे एकत्र बांधले: कंपनीकडे स्वतःचं असं काही बळ हवं, जागेचा काही फायदा हवा, आणि ते बळ बाहेर न विकता घरात ठेवण्यात लाभ हवा.

बकली, कॅसन आणि डनिंग यांच्या आधी स्टीफन हायमर येतो, आणि त्याच्यापाशी मला जरा थांबावंसं वाटतं. हा कॅनडाचा तरुण. १९६० मध्ये एमआयटीत त्यानं प्रबंध लिहिला. त्याचा प्रश्न असा: परदेशात गेलेली कंपनी तिथल्या कंपन्यांच्या तुलनेत नेहमीच अडचणीत असते. भाषा येत नाही, कायदा ठाऊक नाही, सरकार परकं, चलनाचा धोका वेगळाच. मग ती जाते का आणि टिकते कशी? तो म्हणाला, तिच्याकडे इतरांना न मिळणारा काही वरचष्मा असतो, आणि परदेशातल्या गुंतवणुकीमागे व्याजदराच्या फरकापेक्षा त्या वरचष्म्यावर ताबा ठेवण्याची इच्छा जास्त असते. तेव्हा तो प्रबंध पुस्तकरूपानं छापला गेला नाही. हायमर पुढे मार्क्सवादाकडे वळला, बहुराष्ट्रीय कंपन्यांचा कडवा टीकाकार झाला आणि १९७४ मध्ये मोटार अपघातात गेला. पुस्तक निघालं १९७६ मध्ये. ज्या शास्त्राच्या पदव्या घेऊन मुलं बहुराष्ट्रीय कंपन्यांत नोकऱ्या धरतात, त्याच्या पायाचा एक मोठा दगड त्या कंपन्यांच्या विरोधकानं बसवलेला आहे. नकाशावर तो फक्त एक ठळक ठिपका. त्याचं राजकारण ठिपक्यात दिसत नाही. हायमरला उद्धृत करणाऱ्या बहुतेकांना ते आठवावंही लागत नाही.

दुसरं घराणं स्वीडनचं. उप्साला विद्यापीठात यान योहानसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सँडविक, ॲटलास कॉप्को, फॅसिट आणि व्होल्वो या चार कंपन्यांचा परदेश प्रवास तपासला. आधी तुरळक निर्यात, मग एजंट, मग स्वतःचं विक्री कार्यालय, शेवटी कारखाना. आणि देश निवडताना आधी जवळचे, म्हणजे भाषेनं आणि रीतीभातीनं जवळचे; या अंतराला ते मानसिक अंतर म्हणत. १९७७ मध्ये योहानसन आणि व्हालने यांनी याचं सूत्र केलं: कंपनी शिकत शिकत पाय पुढे टाकते. २००९ मध्ये दोघांनी स्वतःच सुधारणा केली की खरी अडचण परका देश असण्याची नसून ओळखीपाळखीच्या वर्तुळाबाहेर असण्याची आहे.

आता हा नकाशा सोलापूरवर अंथरून पाहू.

सोलापुरात मोटारगाड्यांचा एकही कारखाना नाही. तरी १९९२ मध्ये यतीन शहा यांनी इथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू केली. इंजिनाच्या झडपा नेमक्या क्षणी उघडणारा आणि मिटणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट; त्याच्या उंचवट्यात केसाएवढा फरक पडला तरी इंजिन बिघडतं. पुढे फोर्ड, जनरल मोटर्स, ह्युंदाई यांसारख्या कंपन्या त्यांच्या गिऱ्हाईक झाल्या. २०१६ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि २०१८ मध्ये तिनं जर्मनीतल्या एमएफटीत व ट्रक-बस विजेवर चालवण्याचं तंत्र करणाऱ्या नेदरलँड्समधल्या एमॉसमध्ये मोठा वाटा घेतला. उप्सालाच्या जुन्या सूत्राप्रमाणे आधी नेपाळ, श्रीलंका, मग दुबई अशी पावलं पडायला हवी होती. इथे रस्ता गिऱ्हाइकानं ठरवला. मोठ्या कंपनीला माल दिला की तिच्या दुसऱ्या देशातल्या कारखान्याचं दार किलकिलं होतं. म्हणजे २००९ ची सुधारलेली आवृत्ती इथे जास्त जुळते. आणि डनिंगचं ‘स्वतःचं बळ’? जर्मनीत पैसे घातले गेले ते बळ होतं म्हणून, की तिथलं तंत्र हवं होतं म्हणून? जॉन मॅथ्यूज यांनी २००२ मध्ये एसर, सेमेक्स अशा उशिरा आलेल्या कंपन्या पाहून हेच म्हटलं होतं: काही कंपन्या बळ दाखवायला परदेशी जातात, काही ते मिळवायला. सोलापूरचा दाखला दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो, असं मला वाटतं.

शहराच्या पूर्वभागात गोष्ट वेगळीच आहे. यंत्रमागावर विणलेला टेरी टॉवेल. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण परदेशात जाणाऱ्या टॉवेलवर बहुधा तिकडच्या दुकानाचं लेबल असतं. इथल्या कारखानदाराची परदेशात शाखा नाही, गोदाम नाही, जाहिरात नाही. हायमरला हवा असलेला वरचष्मा आहे तो गिऱ्हाइकाकडे. कोणता रंग, किती वजन, कधी माल बोटीवर चढायचा, हे तिकडून ठरतं. पहिल्या दोन्ही घराण्यांकडे या माणसाबद्दल बोलायला फारसं काही नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं तो परदेशात गेलेलाच नाही. त्याच्याबद्दल बोलतात ते गॅरी गेरेफी. त्यांनी १९९४ मध्ये खरेदीदाराच्या हातात दोऱ्या असलेल्या साखळ्यांचं वर्णन केलं आणि २००५ मध्ये हम्फ्री आणि स्टर्जन यांच्याबरोबर ते अधिक नेमकं केलं. पण गेरेफी समाजशास्त्रज्ञ. त्यांचं घर दुसऱ्याच नकाशावर आहे, आर्थिक समाजशास्त्र आणि भूगोलाच्या. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या प्रकरणातून निघालेल्या संशोधकाला ते वाटेत भेटतीलच असं नाही.

तिसरं घराणं संस्कृती मोजणाऱ्यांचं, आणि तिथला सर्वांत मोठा ठिपका गेर्ट हॉफस्टेड. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या सुमारे १ लाख १६ हजार प्रश्नावल्या त्यांच्या हाती होत्या. १९८० च्या पुस्तकात त्यांनी ४० देशांना चार मापांवर गुण दिले. वरिष्ठ-कनिष्ठांतलं अंतर लोक किती सहज स्वीकारतात, या मापावर भारताला मिळाले ७७. पुढे १९८८ मध्ये कोगुट आणि सिंग यांनी चारही मापांतले फरक एका सूत्रात घालून दोन देशांमधलं सांस्कृतिक अंतर एका आकड्यात आणलं. आकडा मिळाला म्हणजे संख्याशास्त्राचं यंत्र चालतं, म्हणून हा लेख अफाट उद्धृत झाला. ओडेड शेंकर यांनी २००१ मध्ये या अंतरावर आणि ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये हॉफस्टेडच्या मापांवर सडकून टीका केली. टीकेचे लेखही भरपूर उद्धृत होतात, बऱ्याचदा त्याच वाक्यात, आणि आकडा वापरणं चालूच राहतं.

सोलापूरकराला हा ७७ चा आकडा पाहून हसू यावं. घरी तेलुगू बोलणारा पद्मशाली मागवाला, कन्नड बोलणारा लिंगायत व्यापारी, दखनी उर्दू बोलणारा दुकानदार आणि मराठी कारकून यांचा एकाच बाजारात एका सकाळी व्यवहार होतो. विजापूर रस्त्यानं निघालं आणि भीमा ओलांडली की कर्नाटक. आयबीएमची प्रश्नावली भरणारे भारतीय कर्मचारी यांपैकी कोण होते? मोठ्या शहरातल्या इंग्रजी कार्यालयातली माणसं. त्यांच्या उत्तरांवरून या चौघांत अंतर शून्य ठरतं, कारण देश एकच.

इथे एक आडवळण घेतो, कारण सोलापूरची खरी गंमत तिथेच आहे. सोलापूर ब्रिटिश मुलखात, पण जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरचं तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्याची स्वतःची जकात होती, तिच्या खात्याला करोडगिरी म्हणत, आणि स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश मुलखातले रुपये. सोलापूरच्या पेठेतला व्यापारी मराठवाड्यात सूत किंवा लुगडी पाठवायचा तेव्हा जकात, चलनाचा भाव, परक्या राज्याचा कायदा, उधारी वसूल होईल की नाही, ही हायमरच्या यादीतली एकूण एक अडचण त्याच्यासमोर असे. तेलंगणातून आलेले विणकरही तीच सरहद्द ओलांडून आले होते. ते टिकले ते जातभाईंच्या, नातलगांच्या आणि सावकाराच्या विश्वासावर. स्वीडनच्या प्राध्यापकांना २००९ मध्ये जे वर्तुळ सापडलं, ते इथल्या मागवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतं.

हे कोणी लिहिलंच नाही असं नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी रा. गो. काकडे यांनी केलेली सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच संस्थेतून १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहरावरचा सामाजिक-आर्थिक अभ्यास निघाला. डग्लस हेन्स यांनी २०१२ मध्ये पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांतल्या भांडवलशाहीवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात सोलापूरचे माग, त्यांचे मालक आणि हातमागाचा यंत्रमाग कसा झाला हे सगळं आहे. पण काकडे आणि गाडगीळ अर्थशास्त्राच्या कपाटात, हेन्स इतिहासाच्या. आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाच्या नकाशावर यांच्या नावाचा ठिपका शोधण्यात वेळ घालवू नये. तिथे भारतीय नावं आहेत, आणि मोठी आहेत: कोइम्बतूरचे सी. के. प्रल्हाद, कोलकात्याचे सुमंत्र घोषाल. १९८९ मध्ये घोषाल यांनी क्रिस्टोफर बार्टलेट यांच्याबरोबर लिहिलेलं पुस्तक या विषयातल्या सर्वाधिक उद्धृत पुस्तकांपैकी आहे. त्यात अभ्यासलेल्या नऊ कंपन्या मात्र अमेरिका, युरोप आणि जपानच्या. इंडियन ऑइलमधून बाहेर पडून गेलेल्या घोषाल यांनी भारतीय कंपनीवर लिहिलं असतं तर तेव्हा ते किती जणांनी वाचलं असतं, हा प्रश्न त्यांना पडला असेल की नाही कोण जाणे.

वाचणं आणि उद्धृत करणं या गोष्टीही वेगळ्या आहेत. २००३ मध्ये मिखाइल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी या कॅलिफोर्नियातल्या दोघांनी संदर्भांमधल्या छपाईच्या चुका मोजल्या. पान क्रमांकाची एकच चूक एकापाठोपाठ एक अनेक लेखांत तशीच उतरली असेल, तर मूळ लेख उघडून न पाहता दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलला गेलेला असणार. त्यांच्या हिशेबानं मूळ लेख वाचून उद्धृत करणारे साधारण वीस टक्के. आपल्या संशोधिकेच्या नकाशावरचे सगळ्यांत जाड धागे कदाचित अशाच उतरवलेल्या सूच्यांचे असतील. कोस, हायमर, डनिंग ही त्रिमूर्ती कोणीतरी एकदा एका ओळीत मांडली आणि नंतरच्यांनी ती जशीच्या तशी उचलली, असंही घडलेलं असणं अशक्य नाही.

तिनं मग काय करावं? नकाशा काढावाच, त्यानं वाचायची पहिली वीस-पंचवीस नावं पक्की होतात आणि दोन वर्षं वाचतात. हायमरचा प्रबंध मात्र मुळातून वाचावा, तो अवघड नाही. मग तिनं नकाशाबाहेरची तीन-चार बीजं स्वतःच्या हातानं पेरावीत, गेरेफी, काकडे, गाडगीळ, हेन्स, आणि प्रत्येकाला पुढे कोणी उद्धृत केलं हे पाहत जावं. गारफील्डच्या उलट्या सूचीचा उपयोग नेमका इथे होतो. पूर्वभागातला टॉवेल आणि एमआयडीसीतला कॅमशाफ्ट एकाच प्रकरणात आणायचे तर हायमर आणि हेन्स एकाच सूचीत यावे लागतील. तसं झालं की त्या जोडीच्या खात्यावर एक धागा पडतो. त्यालाही एक अट आहे: तो लेख ज्या नियतकालिकांची नोंद आंतरराष्ट्रीय निर्देशांकात होते, त्यांपैकी एकात छापलेला हवा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढवलेल्या प्रबंधातला किंवा मराठी नियतकालिकातला धागा सॉफ्टवेअरला दिसत नाही. तो मोजायचा तर सूच्या घेऊन बसून हातानंच मोजावा लागतो.